सातव्या फेरीतील थाप

तिसगावच्या बाजारपेठेत अब्राहाम मकासरे यांचे विहिरीच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. दारात तांब्याच्या तारेची गुंडाळी टांगलेली असते, तीच पाटी. जळालेली मोटार टेम्पोत घालून आलेला माणूस ती गुंडाळी पाहून थांबतो.

आमच्या साक्षरता वर्गाच्या सुरेखाबाईंनी सांगितले, की प्रत्येकाने आपल्या गावातील एका माणसाविषयी लिहावे. तो माणूस मोठा नसला तरी चालेल, परंतु जे लिहाल ते खरे असावे. मी अब्राहाम यांच्याविषयी लिहीत आहे. ते माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत आणि तोंडावर मी त्यांना अरे-तुरे करतो. लिहिताना मात्र मान राखणे योग्य, म्हणून येथे 'ते' असे लिहितो. त्यांच्याविषयी लिहायचे तर माझ्या घरातील एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर कोणास सांगितलेली नाही.

अब्राहाम यांचे काम मोजणीचे आहे. मोटारीच्या प्रत्येक खाचेत तारेचे ठरावीक वेढे बसवावे लागतात. एखादा वेढा कमी पडला तर मोटार फिरते, पण घुमते, आणि महिन्याभरात पुन्हा जळते. वेढे घालताना त्यांचे ओठ हलत असतात. त्या वेळी कोणी नमस्कार केला तरी ते उत्तर देत नाहीत, आणि नव्या गिऱ्हाइकाला ते गर्विष्ठ वाटतात.

दर रविवारी ते चर्चमध्ये की-बोर्ड वाजवतात. त्यांचे वडील तेथेच पेटी वाजवत असत. आमच्याकडे लोक की-बोर्डला 'कॅशो' म्हणतात. या वाद्याचे एक वैशिष्ट्य आहे. डाव्या हाताने सूर धरला, की मागे ढोलकी, ढोल, गिटार अशी सर्व साथ आपोआप वाजू लागते, आणि डावा हात जिकडे सरकेल तिकडे ती साथही सरकते. अशा तयार साथीला वादक 'स्टाईल' म्हणतात. वाद्यात पुष्कळ स्टाईली आधीच भरलेल्या असतात. परंतु त्या आपल्या गाण्यांना लावल्या, तर गाणे पाहुण्याच्या घरी जेवायला बसल्यासारखे अवघडून बसते.

म्हणून अब्राहाम यांनी स्वतः स्टाईली तयार करण्यास आरंभ केला. हे त्यांना कोणी शिकवले नाही. दुकान बंद करून घरी आले, की ते ओसरीवर वाद्य मांडून बसत. स्टाईलचे तुकडे असतात. सुरुवातीचा एक, मुख्य चालीचे चार, मध्येच भर घालणारे छोटे, आणि शेवटचा एक. प्रत्येक तुकडा वेगळा भरायचा, आणि मुख्य तुकडा असा भरायचा की तो संपल्यावर पुन्हा स्वतःच्या आरंभाला बिनसांध्याचा जोडला जाईल. सूर सर्व पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीत, भरायचे. पुढे गाणारा कोणत्याही पट्टीत गेला तरी वाद्य ते सूर तिकडे नेते.

पहिल्या स्टाईलमध्ये त्यांची चूक झाली. आनंदाच्या गाण्याला ती छान वाजे, परंतु दुःखाचे गाणे आले की भातात खडा लागावा तसा एक सूर दाताखाली येई. तीन दिवस ते तो खडा शोधत होते. त्यांची पत्नी मार्था तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तीन दिस झाले, एकाच ठिकानी भुंगा गुनगुनतोय. एवढ्यात मोटार भरली असती तर कुनाच्या तरी रानात पानी तरी आलं असतं."

"भुंगा न्हाई, बाई. खालचा सूर हाय."

"मंग त्याला वर घ्या न्हाईतर हाकला. कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाई मला."

चौथ्या दिवशी त्यांना समजले, की आनंदाच्या आणि दुःखाच्या अशा दोन्ही जातींच्या गाण्यांत चालतील तेवढेच सूर भरायचे असतात आणि बाकीचे वाद्यावर सोडायचे असतात. ही गोष्ट त्यांनी मला दुकानात बसवून समजावली होती. मला तेव्हा अक्षरही वाचता येत नव्हते, परंतु ती समजली.

त्यांचा दुसरा नियम असा, की ताल वाद्याकडून सरळ करून घ्यायचा नाही. तशी सोय त्या वाद्यात आहे. एक बटन दाबले, की पुढेमागे पडलेली प्रत्येक थाप उचलून नेमक्या जागी बसवली जाते. अब्राहाम ते बटन दाबत नाहीत. "समद्या थापा दोरीला बांधल्या," ते म्हणत, "तर ती ढोलकी ऱ्हात न्हाई, दादा. पिठाची गिरनी व्हती."

आणि याच कारणाने ते माझ्या दारी आले.

मी शेतकरी आहे आणि चौदाव्या वर्षापासून ढोलकी वाजवत आलो. हळदीत, जागरणात, कोणी बोलावेल तेथे. माझी थाप किंचित मागे पडते. तालाच्या प्रत्येक फेरीतली तिसरी तर नेहमीच. ते मी शिकलो नाही, माझा हातच तसा आहे. अब्राहाम यांना तो हात यंत्रात हवा होता. नुसते ठोके नव्हेत, तर मी वाजवत असताना ध्वनिमुद्रण करून ते तसेच्या तसे स्टाईलमध्ये बसवायचे होते.

ही सहा वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्याची गोष्ट आहे. माझी पत्नी बनुबाई त्या वेळी छातीच्या आजाराने अंथरुणाला खिळली होती. मी अब्राहाम यांना सांगितले, "हिला एकटीला टाकून मी तुझ्याकडं येनार न्हाई. तुझं मशीन हिकडं आन."

ते दुपारी आले. लॅपटॉप, दोन माईक आणि तारांची पिशवी त्यांनी बाहेरच्या खोलीत मांडली. बनुबाई आतल्या खोलीत खाटेवर होती. मध्ये दार नव्हते, एक साडी पडद्यासारखी लावलेली होती. अब्राहाम यांनी पडद्याआडून विचारले, "वहिनी, कशा हाय?"

"मी हाय तशीच. तुमी काय ह्येंचा हात भरून नेताय म्हनं?"

"व्हय. ढोलकीचा."

"हात नेताय तसं डोकं बी न्या, भावजी. घरात तेवढीच जागा मोकळी व्हईल."

"डोकं मशीनीत मावत न्हाई, वहिनी."

"एवढं मोठं न्हाई ते. मावतंय का बघा तरी."

आम्ही तिघेही हसलो. तिला हसताना त्रास होत असे, तरी हसली.

खिडक्यांना आम्ही गोधड्या लावल्या. कोंबड्या हाकलल्या, पंखा बंद केला. अब्राहाम यांनी रीत सांगितली. सलग आठ फेऱ्या वाजवायच्या. ते उजव्या हाताचे बोट वर धरतील. बोट वर आहे तोवर काही झाले तरी थांबायचे नाही. बोट खाली आले की संपले. पहिल्या खेपेस रस्त्यावरून टेम्पो गेला. दुसऱ्या खेपेस वीज गेली आणि अर्धा तास आली नाही. तिसऱ्या खेपेस एक कोंबडी परत आत आली. चौथी खेप माझ्याच हाताने बिघडली. पाचवी खेप उत्तम चालली होती. हात गरम झाला होता आणि थाप कातड्यावरून सुटून येत होती.

सातव्या फेरीत आतून खोकला आला.

बनुबाईचा रोजचा खोकला मला पाठ होता. तो तुटक असे. हा तसा नव्हता. एकच, लांब, आणि मध्येच बंद झालेला. माझा हात कातड्यावर अधांतरी राहिला आणि तिसरी थाप पडली नाही. मी अब्राहाम यांच्याकडे पाहिले. बोट वर होते.

मी पुढची थाप वाजवली. सातवी फेरी पूर्ण केली, आठवीही केली. मग बोट खाली आले आणि मी आत गेलो.

बनुबाई भिंतीला टेकून उठून बसली होती. पाण्याचा पेला खाली पडला होता आणि जमीन ओली होती. तिने स्वतःच हात लांबवला असावा. मला पाहून तिने विचारले, "झालं का?"

"झालं."

"मंग पानी द्या."

मी पाणी दिले. आठव्या दिवशी दुपारी नगरच्या दवाखान्यात ती वारली. एक पेला पाणी लवकर दिल्याने ती वाचली असती, असे कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. मी एवढेच लिहितो, की मला ऐकू आले होते, आणि मी उठलो नाही.

त्या दिवसापासून मी ढोलकीला हात लावला नाही. कोणी बोलावण्यास आले तर हात दुखतो असे सांगितले.

पुढे थंडीच्या दिवसांत शेजारच्या आदिनाथच्या घरी हळद होती. शेवगावकडचा कोणी की-बोर्डवाला आला होता. मी दारात बसलो होतो. ताल सुरू झाला. माणूस स्वतःच्या घराचा उंबरा पायाने ओळखतो, तसा मी माझा हात ओळखला. मागे रेंगाळणारी तीच तिसरी थाप. माझे हात माझ्या मांडीवर पडलेले होते आणि तिकडे ते वाजत होते.

मग सातवी फेरी आली. तिसऱ्या थापेच्या जागी काहीच नव्हते. अब्राहाम यांनी खोकला कापून टाकला होता आणि जागा तशीच ठेवली होती. इतकी मोकळी, की त्या क्षणापुरता सगळा मांडव बहिरा झाल्यासारखा वाटला. त्या मोकळ्या जागेत मला बनुबाईचा खोकला ऐकू आला. मी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

आठव्या फेरीनंतर ताल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी मोजू लागलो. पाच, सहा, सात. पुन्हा खोकला.

त्यानंतर मोजणी थांबली नाही. अब्राहाम यांनी ती स्टाईल कर्जतच्या एका वादकाला पेन ड्राइव्हवर दिली होती, त्याच्याकडून ती आणखी दहाजणांकडे गेली. लग्नसराईत मी रानात असलो तरी चारी बाजूंच्या गावांतून वाऱ्यावर ताल येई. एका दिवशी तीन गावांतून आला, आणि तिन्हींची सातवी फेरी वेगवेगळ्या वेळी होती. एकीकडे खोकला थांबे तो दुसरीकडे सुरू होई. पुढे ताल नसतानाही तसे होऊ लागले. ट्रॅक्टरचे इंजिन, पिठाची गिरणी, एसटीचा खडखडाट, कशातही मी सात मोजी आणि सातव्याला कान टवकारी. एकदा बँकेच्या रांगेत मी थांबलो आणि मागच्या माणसाने ढकलले, तेव्हा मला समजले की मी पाणी देण्यासाठी वळलो होतो.

मी अब्राहाम यांच्याकडे गेलो. कारण सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "सातव्या फेरीत एक थाप कमी हाय. ती भर."

ते तारेकडे पाहत म्हणाले, "भरता येत न्हाई, दादा. त्या दिवशी ऊन चढंल तसं कातडं बी चढलं हुतं. दुसऱ्या फेरीतली थाप तिथं बसत न्हाई. सूर फाटतो."

मी विश्वास ठेवला. यंत्रातले मला काही कळत नव्हते. पुढच्या वर्षी पुन्हा विचारले. तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या वर्षी त्यांनी उत्तरही दिले नाही, फक्त मान हलवली. आमचे येणे-जाणे होते, चहा होत होता, परंतु त्या दुपारविषयी दोघांपैकी कोणी कधी बोलले नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मिरजगावला माझ्या बहिणीची नात सृष्टी हिची हळद होती. तेथे राधाकृष्ण नावाचा वादक होता. त्याने तीच स्टाईल लावली. बायका हळदीने पिवळ्या होऊन नाचत होत्या. मी मोजत होतो. सातवी फेरी आली आणि सगळ्या बाया एकदम थांबल्या. हात वर, पाय उचललेला, श्वास धरलेला. पुढच्या थापेला सर्वांनी एकत्र हात खाली आणले आणि मांडव हसण्याने भरून गेला. आठ फेऱ्यांनी पुन्हा तसेच झाले. लहान मुलींनाही ती जागा पाठ होती. माझी बहीणही हात वर करून उभी होती, आणि तिच्या मुठीतून हळद गळत होती.

मी मांडवाच्या मागून राधाकृष्णाजवळ गेलो. तो चहा पिण्यासाठी थांबला होता.

"ही कुठली स्टाईल, पाव्हनं?"

"तिसगावची हाय, मामा. समद्या भागात हीच चालती. कोपरगावपत्तोर गेलीय."

"हिच्यात एक थाप कमी हाय."

"कमी न्हाई, तीच तर जागा हाय. बाया तिच्यासाठीच तर नाचत्यात."

"समजा, भरायची झाली तर? भरता येती का?"

"न यायला काय झालं? दोन मिन्टाचं काम. हितली थाप उचलायची, तिथं ठिवायची." त्याने वाद्याच्या पडद्यावर बोट फिरवून दाखवले. "पन भरायची कशाला? चांगल्या चेहऱ्यावरचा तीळ खरवडल्यासारखं व्हईल."

"सूर फाटत न्हाई?"

"कशाचा फाटतोय."

मी विचारले, "वाजवलीय कुनी ही?"

"असंल कुनीतरी म्हातारा. वारला म्हनत्यात." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तुमी तिकडचंच का? तुमाला म्हाईत असंल."

"म्हाईत हुता," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने तिसगावला उतरलो तो घरी न जाता थेट दुकानात गेलो. अब्राहाम एका मोटारीचे वेढे घालत होते. त्यांचे ओठ हलत होते. मी रागात होतो, तरी खाच पूर्ण होईपर्यंत उभा राहिलो. मोजणी मोडली असती तर एखाद्या शेतकऱ्याची मोटार जळाली असती. त्यांनी तार कापली तेव्हा मी म्हणालो, "दोन मिन्टाचं काम हाय."

कोणते काम, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी पक्कड खाली ठेवली. "व्हय," ते म्हणाले.

"मंग इतकी वर्सं मला काय सांगत हुतास?"

ते तारेचे टोक बोटाला गुंडाळत राहिले. "बोट मी वर धरलं हुतं, दादा."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुमी माझ्याकडं बघितलं. मी बी ऐकलं हुतं. बोट खाली घेतलं असतं तर तुमी उठला असता. पन चार खेपा बिघडल्या हुत्या, आन पाचवी अशी चालली हुती की काय सांगू. मला वाटलं, एकच फेरी तर ऱ्हायलीय." त्यांनी टोक सोडले. "नंतर खोकला कापला. लगीच दुसरी थाप उचलून ठिवली बी हुती. बसली. इतकी बरुबर बसली की कुनाला सापडली नसती. मंग मी ती काढली."

"का?"

"ती भरली की झालं न्हवं का, त्या दिवशी काईच घडलं न्हाई. तुमी बी एक ना एक दिस विसरला असता. मंग ते एकट्या माझ्याकडंच ऱ्हायलं असतं."

"म्हनून माझ्या घरातलं तू गावोगाव वाजवलंस."

"मी एकालाच दिली हुती. पुढं जाईल असं वाटलं न्हाई. मी ती चर्चमधी लावतो, दादा. एका भजनाला. ती जागा आली की उजवा हात उचलून धरतो. लोकांना वाटतं, वाजवायची तऱ्हा हाय."

"लोक तिथं नाचत्यात," मी म्हणालो.

त्यांना हे ठाऊक नव्हते. चर्चमध्ये माणसे बसलेली असतात, आणि लग्नांत वाजवणे त्यांनी केव्हाच सोडले होते. मी दुकानाच्या मध्ये उभा राहून दाखवले. हात वर, पाय उचललेला, श्वास धरलेला. त्यांनी पक्कड उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि खुर्ची शोधावी तसा हात मागे नेला. मागे खुर्ची नव्हती.

"आज भर," मी म्हणालो.

"भरतो. पन उचललेली थाप न्हाई घालनार. तुमची ऱ्हायलीय ती तुमीच द्या."

मी नकार दिला. तीन दिवस मी दुकानावरून गेलो नाही. चौथ्या दिवशी ढोलकी खुंटीवरून खाली काढली. कातडे सैल पडले होते आणि त्याला आतून लावलेला मसाल्याचा लेप वाळून तडकला होता. मी तो खरवडून नवा लावला, कड्या ओढल्या, आणि उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत सूर चढला. तो तपासण्यासाठी नखाने टिचकी मारली. थाप दिली नाही.

मी निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अब्राहाम तारांची पिशवी घेऊन आले. सोबत मार्थाबाई होत्या. त्या काही न विचारता आत गेल्या, चूल सारखी केली, आणि पडद्याच्या साडीची एक कडी निसटली होती ती बसवली. आम्ही खिडक्यांना गोधड्या लावल्या. अब्राहाम यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितले, "मी पयल्यापासनं लावतो. तुमी नुसतं ऐका. सातवीत तिसऱ्याला एकच द्या."

या वेळी त्यांनी बोट वर केले नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले.

ताल सुरू झाला. बाहेरचे काही ऐकू येत नव्हते. पाच, सहा, सात. ती जागा आली. तेथे काहीच नव्हते. खोकला नव्हता. पाच वर्षांत प्रथमच त्या जागेत मला काहीही ऐकू आले नाही. माझा हात वर होता, तो तसाच राहिला.

"पुन्हा लाव," मी म्हणालो.

दुसऱ्या खेपेलाही तेथे काही नव्हते. मला भीती वाटली, की आता थाप दिली तर मी बनुबाईला कायमचे बंद करीन. मी हेडफोन काढले. अब्राहाम खाली पाहत होते. पडद्याजवळून मार्थाबाई म्हणाल्या, "दादा, वहिनींना बरं वाटंल का वाईट, ते आपल्याला कळायचं न्हाई. पन ह्या मानसानं दर रविवारी त्या एका ठिकानी श्वास धरलाय. मी बाजूच्या बाकड्यावर बसून बघत आले. एकदा तरी सोडू द्या त्याला."

मी हेडफोन पुन्हा लावले. तिसऱ्या खेपेस सातव्या फेरीत हात आपोआप खाली आला. थाप थोडी मागे पडली, माझी नेहमी पडते तशी.

अब्राहाम यांनी ती जागेवर बसवली. खरोखरच दोन मिनिटे लागली. मग त्यांनी सर्व आठ फेऱ्या मोठ्याने लावल्या. नवी थाप इतरांपेक्षा किंचित जड होती. म्हातारपणी हात जड होतो. बाकी कोणाला ती ओळखता आली नसती. मार्थाबाईंनी चहा आणला. आम्ही तो प्यायलो आणि एकमेकांशी काही बोललो नाही, परंतु ते न बोलणे पूर्वीच्या न बोलण्यासारखे नव्हते.

पुढील रविवारी मी चर्चमध्ये गेलो. मी त्या धर्माचा नाही, परंतु मागच्या बाकावर बसायला कोणाची ना नसते. तिसरे भजन त्या स्टाईलवर होते. अब्राहाम वाजवत होते. पाचवी फेरी, सहावी, सातवी. त्यांचा उजवा हात सवयीने उचलला गेला आणि थाप पडली. नीट पडली. तिच्या खाली बनुबाई खोकली.

मी बाक घट्ट धरला. भजन चालू होते, सर्वजण पुस्तकात पाहून गात होते. अब्राहाम यांचा हात अजून वरच होता. त्यांनी मान वळवून बाकांच्या रांगांमधून मला शोधले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजले, की ते त्यांनाही ऐकू आले होते.

आता त्यांच्या वाद्यात त्या स्टाईलची दोन रूपे आहेत, एक भरलेले आणि एक मोकळे. शनिवारी दुकान बंद करून ते मला फोन करतात आणि विचारतात, "उद्या कोंची लावू, दादा?" मी कधी ही सांगतो, कधी ती. कोणतीही सांगितली तरी त्यांना आणि मला तेथे खोकला ऐकू येतोच. परंतु विचारल्यावाचून ते ती लावत नाहीत, आणि मी फोन वाजताच उठतो.